रक्तदाबमापन

रक्तदाबमापन : रोहिण्यांतून वाहणाऱ्या रक्ताचा रोहिणीभित्तीवर पडणारा दाब उपकरणाच्या साहाय्याने मोजण्याच्या क्रियेस ‘रक्तदाबमापन’ म्हणतात. हा दाब पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीत (मिमी. पारा) व्यक्त करतात. हृदयाच्या आकुंचनसमयीचा कमाल दाब (आकुंचनकालीन दाब) आधी व प्रसरणसमयीचा किमान दाब (प्रसरणकालीन दाब) नंतर लिहिण्याचा प्रघात आहे, उदा., १२०/८०. वैद्याने रुग्णास तपासण्यापूर्वी परिचारिका किंवा वैद्यकीय साहाय्यक तापमान, नाडी, श्वसनाचा वेग, वजन इ. प्राथमिक मापने घेतात. त्यांपैकी रक्तदाबमापन दिसावयास सोपे, परंतु चुकांना सर्वाधिक वाव असलेले आहे. उच्च रक्तदाब बहुधा लक्षणरहित असल्यामुळे त्याचे निदान मुख्यत्वे या आकड्यावरच अवलंबून असते. आकडा चुकून जास्त आल्यास निरोगी व्यक्तीस वर्षानुवर्षे अनावश्यक औषध घ्यावे लागते. चुकून कमी आल्यास पक्षाघात, हृद्‌रोग व मूत्रपिंडाचे विकार टाळण्याची संधी हुकते.

इतिहास : स्टीव्हन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकांनी घोडीच्या रोहिणीत नळी बसवून तिला उभी काचनळी जोडली, तेव्हा रक्त सु. २·५ मी. उंच चढले. हा प्रयोग १७३३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्वाझय या फ्रेंच वैद्यांनी १८२८ मध्ये पाऱ्याचा दाबमापक वापरल्याने नळीची लांबी पुष्कळच कमी झाली. मात्र रोहिणी छेदण्याची गरज कायम राहिली. इटालियन वैद्य शिपिओने रीव्हा-रॉच्ची यांनी १८९६ मध्ये दंडाभोवती गुंडाळावयाचा, हवेने फुगणारा पट्टा प्रचारात आणला. मनगटाची नाडी बोटांना लागेनाशी होताच दाब वाचावयाचा, अशी त्यांची पद्धत असल्यामुळे केवळ आकुंचनकालीन दाबच समजत असे. त्यांचा पट्टा अरुंद असल्याने दाब वाजवीपेक्षा जास्त येई. हा दोष फोन रेक्‌लिंगहाउझेन यांनी १९०१ मध्ये रुंद पट्टा वापरून दूर केला. रशियन शस्त्रक्रियाविशारद न्यिकलाय कोरोटकॉव्ह यांनी १९०५ मध्ये सेंट पीटर्झबर्ग येथे पट्ट्याखालील रोहिणीवर स्टेथॉस्कोप ठेवून ऐकू येणाऱ्या ध्वनींचे वर्णन केले. त्यामुळे दोन्ही दाब मोजणे शक्य झाले. हीच श्रवणपद्धती अद्यापही प्रमाण मानली जाते.

उपकरणे : पाऱ्याचा रक्तदाबमापक दीर्घकाळ प्रचारात होता. पाऱ्याच्या विषारीपणामुळे २०१३ मध्ये स्वीकृत झालेल्या मिनामाता करारान्वये त्याचे उत्पादन व आयातनिर्यात २०२० नंतर थांबविण्याचे ठरले. भारताने २०१८ मध्ये या करारास अनुसमर्थन दिले. त्याऐवजी तबकडीचा (निर्द्रव) व स्वयंचलित विद्युतीय असे दोन प्रकार वापरतात. तबकडीच्या उपकरणातील यांत्रिक भाग धक्क्याने व वापराने बिघडत असल्यामुळे त्याची तुलना प्रमाणित उपकरणाशी ठराविक काळाने करावी लागते. स्वयंचलित उपकरण ध्वनी ऐकत नाही. पट्ट्यातील दाबाच्या सूक्ष्म आंदोलनांवरून ते दोन्ही दाबांचे गणन करते. त्यामुळे नाडी अत्यंत अनियमित असल्यास त्याचा आकडा विश्वसनीय नसतो.

रुग्णाची पूर्वतयारी : मापनापूर्वी अर्धा तास रुग्णाने चहा, कॉफी, तंबाखू व व्यायाम टाळावा; मूत्राशय रिकामे असावे. रुग्णास पाठीस आधार असलेल्या खुर्चीवर, पाय जमिनीवर टेकवून व एकमेकांवर न ठेवता, पाच मिनिटे शांत बसवावे. जिना चढून किंवा रांगेत ताटकळून आलेल्या रुग्णाचा दाब तत्काळ मोजणे चूक होय. मापन चालू असताना रुग्णाने व मोजणाऱ्यानेही बोलू नये.

पद्धती : दंड उघडा करून मेजावर अशा रीतीने टेकवितात की, पट्ट्याचा मध्य हृदयाच्या पातळीत येईल. वर सरकविलेल्या बाहीचा दंडास फास बसत नाही, हे पाहणे आवश्यक असते. पट्ट्यातील रबरी पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या सु. ८०% व रुंदी सु. ४०% असावी. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या २–३ सेंमी. वर ठेवतात. प्रथम मनगटाची नाडी चाचपत पट्टा फुगवितात व नाडी नाहीशी होते तो दाब लक्षात ठेवतात. हवा सोडून, थोड्या वेळाने स्टेथॉस्कोप कोपराच्या पुढील बाजूस रोहिणीवर ठेवतात आणि त्या दाबाहून ३० मिमी. अधिक दाबापर्यंत पट्टा पुन्हा फुगवितात. नंतर दर सेकंदास २–३ मिमी. या वेगाने दाब उतरवितात. पहिला स्पष्ट ठोका ऐकू येताच आकुंचनकालीन व ध्वनी पूर्णपणे थांबताच प्रसरणकालीन दाब वाचतात. नाडी आधी चाचपण्याचे कारण असे की, काही रुग्णांत ध्वनी मध्येच लुप्त होऊन खालच्या दाबास पुन्हा उमटतात. केवळ ऐकण्यावर विसंबल्यास खरा आकुंचनकालीन दाब कितीतरी कमी नोंदला जाण्याचा संभव असतो.

पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर मापन करतात व यापुढे जास्त दाब दाखविणारा दंड वापरतात. एक-दोन मिनिटांच्या अंतराने किमान दोन मापने घेऊन त्यांची सरासरी काढतात.

चुका व त्यांची कारणे : दंड हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंमी. खाली असल्यास तेवढ्या उंचीच्या रक्तस्तंभाचा भार मिळून आकडा सु. ८ मिमी. वाढतो, वर धरल्यास तितकाच घटतो. जाड दंडास लहान पट्टा बांधल्यास आकडा फुगतो. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिमोठ्या पट्ट्याची गरज असलेल्या व्यक्तींत नेहमीच्या पट्ट्याने आकुंचनकालीन दाब सरासरीने सु. २० मिमी. जास्त आला. हवा वेगाने सोडल्यास पहिला ठोका निसटून दाब कमी वाटतो. शेवटचा अंक शून्य करून लिहिण्याची सवयही घातक असते. काटा १४४ दाखवीत असता १४० लिहिणे हे मापन नव्हे, अंदाज होय. काही रुग्णांचा दाब वैद्याच्या सान्निध्यातच वाढतो, तर काहींचा केवळ घरीच जास्त असतो. अशा वेळी घरी घेतलेली मापने उपयुक्त ठरतात.

विशेष परिस्थिती : रक्तशुद्धीकरणासाठी रोहिणी व नीला जोडलेल्या हातावर पट्टा बांधू नये. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील लसीका ग्रंथी काढलेल्या बाजूचा व शिरेतून द्रव चालू असलेला हातही शक्यतो टाळावा. उठताना भोवळ येणाऱ्या रुग्णाचा दाब आधी निजवून व नंतर उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजतात. आकुंचनकालीन दाब २० मिमी. किंवा प्रसरणकालीन दाब १० मिमी. उतरल्यास ते अर्थपूर्ण मानतात. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० किंवा अधिक दाब आढळल्यास तो माता व गर्भ या दोघांच्याही दृष्टीने धोक्याचा इशारा समजतात.

नोंद : आकड्यांबरोबर तारीख, वेळ, दंड (उजवा वा डावा), रुग्णाची स्थिती व नेहमीपेक्षा वेगळा पट्टा वापरल्यास त्याचे माप लिहावे. भारतात सामान्यतः वेगवेगळ्या भेटींत दाब १४०/९० किंवा अधिक आढळल्यावरच उच्च रक्तदाबाचे निदान करतात. दाब १८०/११० च्या वर असल्यास मापन पुन्हा करून वैद्यास त्वरित कळवावे. अनपेक्षित आकडा आला म्हणून तो स्वतःहून ‘दुरुस्त’ करण्याचा अधिकार मोजणाऱ्यास नाही. मापन पुन्हा करणे व दोन्ही आकडे जसेच्या तसे नोंदविणे एवढेच त्याचे कर्तव्य असते. त्याचा अर्थ लावणे हे वैद्याचे काम होय.