वीज गेली, उजेडाची आठवणही गेली

सोमवार, १२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. कळवा-पडघा भागातील ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांतील बिघाडामुळे मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा मोठा भाग एकाच वेळी अंधारात गेला. उपनगरी गाड्या रुळांवरच उभ्या राहिल्या. त्या दिवशी हजारो लहान संगणकही एका क्षणात बंद पडले, पण त्यांची बातमी झाली नाही.

हे संगणक टेबलावरचे नव्हेत. जोगेश्वरीसारख्या उपनगरात फेरफटका मारला तर ते पावलोपावली भेटतात. दवाखान्यात रांगेचा क्रमांक दाखवणारा फलक, दुकानातील बिलाचे यंत्र, लिफ्टमधील छोटा पडदा, वाहनातील नकाशा. यंत्राच्या पोटात बसवलेल्या अशा संगणकाला ‘एम्बेडेड’ संगणक म्हणतात. त्याला कोणी रीतसर निरोप देत नाही. दुकानदार रात्री मुख्य बटण बंद करतो, चालक किल्ली फिरवतो, आणि यंत्राचा श्वास तुटतो. पुन्हा वीज आली की पडदा उजळतो, पण बहुधा आदल्या रात्री ठरवलेल्या मंद उजेडाने नव्हे, तर डोळे दिपतील अशा पूर्ण प्रखरतेने.

गोष्ट क्षुल्लक वाटते, पण ती तशी नाही. जोगेश्वरीच्या सहाव्या शतकातील लेण्यात भर उन्हातून पाऊल टाकणाऱ्याला आधी काहीच दिसत नाही. खांब आणि झिजलेल्या मूर्ती हळूहळू उमटू लागतात. अंधाराला पुरते सरावण्यास डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात, आणि हा सराव एका झगझगीत पडद्याने क्षणात मोडतो. रात्री जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरून वाहन हाकणाऱ्याच्या समोरचा पडदा अचानक प्रखर झाला, तर रस्ता ओलांडणारा माणूस त्याला उशिरा दिसेल. रुग्णाच्या उशाशी असलेला पडदा पहाटे विजेच्या झटक्यानंतर असाच पेटला, तर मोठ्या मुश्किलीने लागलेली झोप मोडते.

हे का घडते? अशा पडद्यांमागे सहसा बारीक दिवे असतात आणि ते सेकंदाला शेकडो वेळा लागतात-विझतात. निम्मा उजेड हवा असेल तर ते निम्मा वेळ विझलेले ठेवले जातात. किती वेळ चालू ठेवायचे, हा एकच आकडा सगळे ठरवतो. यातील पुष्कळ यंत्रे ‘लिनक्स’ प्रणालीवर चालतात. तिथे हा आकडा एका फाइलीत दिसतो, आणि कमाल मर्यादा शेजारच्या दुसऱ्या फाइलीत. काही पडद्यांना ही मर्यादा २५५ असते, काहींना अवघी सात, तर काहींना हजारांत. नवख्या तंत्रज्ञाची फसगत इथेच होते. त्या फाइलीत आकडा लिहिला की पडदा मंद होतो, आणि काम झाले असे त्याला वाटते. वस्तुतः ती फाइल डिस्कवर नसतेच. ती प्रणालीने उघडलेली एक खिडकी असते. वीज गेली की खिडकीही नाही आणि आकडाही नाही.

यावरचा प्रचलित उपाय लिनक्समधील ‘सिस्टमडी’ या व्यवस्थेत तयारच आहे. संगणक बंद होताना ती उजेडाचा आकडा डिस्कवर टिपून ठेवते आणि सुरू होताना परत लावते. जपून ठेवलेला आकडा फारच लहान असेल, तर ती तो थोडा वर उचलते. हा शहाणपणा आवश्यकच, कारण कोणी चुकून उजेड शून्यावर नेला आणि तो इमानेइतबारे परत लावला गेला, तर तो वाढवण्याचे बटण काळ्या पडद्यावर शोधायचे कसे? पण या व्यवस्थेची सारी भिस्त ‘बंद होताना’ या दोन शब्दांवर आहे. लॅपटॉपला ते शोभते. ज्या यंत्राची वीजच तोडली जाते, त्याच्या आयुष्यात तो क्षण येतच नाही.

म्हणून अशा यंत्रात आकडा बदलताक्षणीच जपावा लागतो. त्यातही तारतम्य हवे. उजेडाची पट्टी बोटाने सरकवताना शंभर आकडे येऊन जातात. प्रत्येक आकडा लिहीत बसले तर मेमरी चिप विनाकारण झिजते. बोट थांबल्यावर दोन-तीन सेकंदांनी एकदाच लिहिणे पुरते. लिहितानाच वीज गेली तर अर्धवट फाइल उरू नये, यासाठी नवा आकडा वेगळ्या फाइलीत लिहून, तो चिपवर पोहोचल्याची खात्री झाल्यावर तिला जुन्या फाइलीचे नाव द्यायचे. विजेच्या धक्क्याने बिघडू नये म्हणून पुष्कळ यंत्रांत मुख्य डिस्कवर लिहिण्यास मज्जावच असतो. तिथे आठवणींसाठी एक छोटा कप्पा वेगळा ठेवावा लागतो.

तरीही एक फट राहते. यंत्र पुरते जागे होऊन जपलेला आकडा वाचेपर्यंत काही सेकंद जातात आणि तेवढा वेळ पडदा कारखान्यात ठरलेल्या उजेडाने पेटलेला असतो. हा मूळ आकडा यंत्राच्या हार्डवेअर-वर्णनाच्या फाइलीत नोंदलेला असतो. तो कमाल मर्यादेऐवजी मध्यम ठेवता येतो, पण पडदा दुकानात उठून दिसावा या हौसेपायी तसे क्वचितच केले जाते.

यंत्र विकत घेणाऱ्याला यातले काही वाचण्याची गरज नाही. उजेड कमी करावा, दहा सेकंद थांबावे आणि विक्रेत्यासमोरच प्लग उपटून पुन्हा लावावा.