फ्रेंच भोजनविधी आणि कोल्हापुरी पंगत : एक तुलनात्मक परिचय

प्रस्तावना :
अन्न ही मानवाची मूलभूत गरज आहे. परंतु ते कोणी, कोणाबरोबर व कोणत्या क्रमाने ग्रहण करावे हे संस्कृती ठरविते. नोव्हेंबर २०१० मध्ये युनेस्कोने 'फ्रेंचांचे भोजन' मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समाविष्ट केले. येथे मान्यता मिळाली ती एखाद्या पदार्थास नव्हे, तर एकत्र बसून जेवण्याच्या विधीस. या दृष्टीने कोल्हापूर परिसरातील भोजनपरंपरेकडे पाहणे उद्बोधक ठरते.

फ्रेंच भोजनाचा क्रम :
जन्म, विवाह, वाढदिवस अशा प्रसंगी होणाऱ्या या भोजनाचा आरंभ क्षुधावर्धक पेयाने होतो. त्यानंतर आरंभीचा पदार्थ, भाज्यांसह मासे अथवा मांस, चीज आणि गोड पदार्थ असा क्रम असतो. पदार्थास अनुरूप मद्याची निवड आणि मेजाची मांडणी यांनाही महत्त्व आहे. हा क्रम अनादी मात्र नव्हे. पूर्वी अनेक पदार्थ एकाच वेळी मेजावर मांडले जात. एकामागून एक पदार्थ वाढण्याची 'रशियन' पद्धती तेथे एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. परंपराही घडत असते, हे यावरून लक्षात येते.

पानाची मांडणी :
फ्रेंच भोजनाची शिस्त प्रामुख्याने काळाची आहे. मराठी पंगतीची शिस्त काळाबरोबरच जागेचीही आहे. पानाच्या वरच्या बाजूस मीठ, डावीकडे लिंबू, चटणी व कोशिंबीर, उजवीकडे भाजी व आमटी, मध्यभागी भात ही मांडणी ठरलेली असते. वरणभात-तुपाने आरंभ आणि ताकभाताने किंवा दहीभाताने शेवट हा तिचा काळक्रम होय.

सणांनुसारही आहार बदलतो. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी व मिश्र भाजी, नागपंचमीला चिरणे-तळणे वर्ज्य मानून केलेले उकडीचे पदार्थ, गौरी आगमनाच्या दिवशी शेपूची भाजी व भाकरी, बेंदराला पुरणपोळी ही त्याची परिचित उदाहरणे होत. फ्रान्समध्येही ६ जानेवारीच्या सणाचा केक व २ फेब्रुवारीची पातळ धिरडी असे सणनिष्ठ पदार्थ आहेत.

भूमी आणि पदार्थ :
गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीच्या एका बाजूस आजरा-चंदगडचा भात व नाचणीचा प्रदेश, तर दुसऱ्या बाजूस ज्वारी व मिरचीचा पठारी भाग आहे. त्यामुळे भात आणि भाकरी या दोन्ही आहारपरंपरा येथे एकत्र येतात. उन्हाळ्यातील मिरची कांडप व वर्षभराची कांदा-लसूण चटणी हे घराघरांतील सामूहिक श्रमाचे प्रसंग होत. तांबडा-पांढरा रस्सा आज जिल्ह्याची ओळख झाला असला, तरी रोजच्या आहाराचा आधार भाकरी, भात व आमटी हाच आहे.

संरक्षणाचा प्रश्न :
स्थळनामाशी निगडित उत्पादनांच्या रक्षणासाठी फ्रान्सने १९३५ मध्ये राष्ट्रीय व्यवस्था उभी केली. भारतात १९९९ च्या भौगोलिक निर्देशक कायद्यान्वये कोल्हापुरी गुळास २०१४ मध्ये, तर आजरा घनसाळ तांदळास २०१६ मध्ये नोंदणी मिळाली. तथापि अशी नोंदणी नावाचे रक्षण करते, रीतीचे नव्हे. घनसाळ बाजारात टिकेल. पण तो कोणत्या सणाला, कोणासाठी शिजविला जातो याची स्मृती कायद्याने टिकत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पंगत जशी माणसे जोडते, तशीच ती तोडतेही. पंक्तिभेद हा या परंपरेचा कटू भाग होता. राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४-१९२२) अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढण्यास साहाय्य केले आणि ते स्वतः तेथे चहा घेत. कोणाच्या हातचे घ्यावे या प्रश्नास कोल्हापूरने दिलेले हे कृतिशील उत्तर होते.

समारोप :
फ्रेंच उदाहरणाचा बोध असा की, वारसा पाककृतीत जितका असतो तितकाच सहभोजनात असतो. मंगल कार्यालयातील उभ्याने जेवण्याच्या पद्धतीमुळे पंगत मागे पडत असताना तिची मांडणी, क्रम व सणांचे संदर्भ जाणत्या स्त्री-पुरुषांकडून नोंदवून घेणे हे ग्रामीण महाविद्यालयांच्या आवाक्यातील कार्य आहे. त्या नोंदीत पंक्तिभेदाचा इतिहासही वगळला जाऊ नये. जतन करावयाची ती पंगत, भेद नव्हे.