टाऊन हॉल म्हणजे नुसता स्टॉप नव्हे!

कोल्हापुरात शिकत असाल, तर 'टाऊन हॉलजवळ भेटू' हे वाक्य तुम्ही शंभरदा तरी बोलला असाल. सीपीआरच्या शेजारची काळ्या दगडाची, उंच टोकदार छपरांची ती इमारत. बाहेरच्या बागेत गप्पा होतात, फोटो होतात. आत जाणारे मात्र कमी. आणि गेलात तरी 'हे इथं का बांधलं असेल?' हा प्रश्न सहसा पडत नाही. तो पडायला हवा, कारण उत्तर जाम इंटरेस्टिंग आहे.

टाऊन हॉलचं काम चाललं १८७२ ते १८७६. गावात नगरपालिका १८५४ पासून होती, पण मतदान वगैरे भानगड नव्हती. गादीवर कोण होतं? एक लहान मुलगा! त्याच्या आधीचे छत्रपती, दुसरे राजाराम महाराज, १८७० मध्ये इंग्लंडहून परतताना इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. म्हणजे तुमच्यापैकी अनेकांचं आज आहे तेवढंच. मग दत्तक आले चौथे शिवाजी. ते अज्ञान, त्यामुळे कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली. टाऊन हॉल उभा राहिला तो या काळात.

एक माणूस, दोन नकाशे

नकाशा काढला चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी इंजिनिअरनं. बडोद्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसचा आराखडा त्याचाच. टाऊन हॉल त्यानं केला गॉथिक शैलीत, म्हणजे युरोपातल्या जुन्या चर्चची आठवण व्हावी असा. आता गंमत बघा. त्याच सुमारास फ्लॉरेन्समध्ये राजाराम महाराजांचं स्मारक उभं राहिलं. त्याचा आराखडाही मँटचाच, आणि ते मात्र अस्सल भारतीय छत्रीसारखं! कोल्हापुरात युरोप आणि युरोपात कोल्हापूर.

पुढं १८७७ मध्ये सुरू झालेल्या न्यू पॅलेसमध्ये त्यानं इथल्या शैली मिसळल्या. एका दुपारी टाऊन हॉल आणि न्यू पॅलेस दोन्ही बघा. काही वर्षांत त्याचा हात कसा बदलला, ते कमानी आणि घुमटांवरून तुमचं तुम्हालाच कळेल.

बोलायला जागा, पण बोलायचं काय?

टाऊन हॉल म्हणजे गावानं एकत्र जमायची, बोलायची जागा. पण नुसता हॉल बांधून बोलायचं स्वातंत्र्य मिळतं का? त्याचं उत्तर याच शहराच्या इतिहासात आहे. हॉल पूर्ण झाल्यावर पाच-सहा वर्षांतच चौथ्या शिवाजींच्या छळाची चर्चा सुरू झाली. त्यांना वेडं ठरवण्यात आलं होतं. 'केसरी' आणि 'मराठा'नं याबद्दल लिहिलं. दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पुराव्यादाखल छापलेली पत्रं खोटी निघाली आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले, १०१ दिवसांसाठी. तेव्हा दोघंही पंचविशीतले! आणि महाराज? १८८३ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात त्यांचा मृत्यू झाला, तोही गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर.

म्हणून ही इमारत नुसती 'हेरिटेज' म्हणून बघू नका. एवढी देखणी सभेची जागा ज्या राज्यात होती, त्या राज्याच्या राजालाच स्वतःची बाजू मांडायला जागा नव्हती.

आता आत चला

आज इथं कोल्हापूर म्युझियम आहे. १९४० च्या दशकात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झालं. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथं काम केलं. सातवाहन काळातलं गाव सापडलं. सापडलेल्या वस्तूंसाठी म्युझियम सुरू झालं आणि ते पुढं टाऊन हॉलमध्ये आलं.

ब्रह्मपुरीच्या वस्तूंमधली सगळ्यात भारी म्हणजे पोसायडनची छोटीशी ब्राँझची मूर्ती. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. समुद्रापासून लांब, घाटमाथ्यावरच्या गावात तो पोचला कसा? व्यापारानं. रोमन जगातला माल कोकणातल्या बंदरांत उतरायचा आणि घाट चढून वर यायचा. म्हणजे मँट येण्याच्या सतराशे-अठराशे वर्षं आधीच कोल्हापूर युरोपशी जोडलेलं होतं, आणि तेही कुणाच्या हुकमानं नव्हे, देवाणघेवाणीनं.

तेव्हा पुढच्या वेळी 'टाऊन हॉलजवळ भेटू' म्हणालात, की अर्धा तास आधी या आणि आत चक्कर मारा. तुमचं गाव दुसरं असेल, तर तिथली जुनी नगरपालिका, वाचनालय किंवा सभागृह शोधा. दोनच प्रश्न विचारा: हे कुणी बांधलं? आणि तेव्हा इथं बोलायची मुभा कुणाला होती? मग तिसरा प्रश्न आपोआप येईल: आज आपल्या गावात सगळ्यांनी जमून बोलावं अशी जागा कुठं आहे? नसेल, तर ती मागायची कुणी? आपणच की!