पुसलेला संदेश खरोखर पुसला जातो काय?

खेड्यातील शिक्षकाकडे पूर्वी एक काम न सांगता चालत येई. पोस्टाने आलेले पत्र घेऊन निरक्षर गावकरी शाळेत येत व गुरुजींकडून ते वाचून घेत. मुंबईला गिरणीत असलेल्या मुलाची नोकरी सुटली, लेकीला सासरी जाच होतो, सावकाराने तगादा लावला, अशा कितीतरी गोष्टी गुरुजींना कळत. परंतु त्या त्यांच्या ओठांबाहेर जात नसत. गावाने शिक्षकावर जो विश्वास टाकला, त्याचा मोठा भाग या मौनावर उभा होता.

आज पत्राची जागा मोबाइलने घेतली आहे. पत्र वाचून दाखविण्याचे काम उरले नाही, तरी गावाची खाजगी माहिती शिक्षकाकडे पूर्वीपेक्षा अधिक येते. विद्यार्थ्यांची आधार कार्डे, शिष्यवृत्तीसाठी मागविलेली बँकेच्या पासबुकांची छायाचित्रे, ‘मुलाला फिट येते, वर्गात कोणाला कळू देऊ नका’ असा एखाद्या आईचा संदेश, हे सारे शिक्षकाच्या खिशातील एका यंत्रात साठलेले असते. हेच यंत्र दुपारी पाठ दाखविण्यासाठी मुलांच्या हाती जाते. यास्तव संदेश पुसल्यावर त्याचे काय होते आणि जे पुसावयाचे नाही त्याची राखण कशी करावी, हे प्रत्येक शिक्षकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

मोबाइल म्हणजे पाटी नव्हे

पाटीवरचे अक्षर ओल्या फडक्याने पुसले की नाहीसे होते. मोबाइलमध्ये तसे होत नाही. शाळेच्या ग्रंथालयाच्या नोंदवहीतील एक ओळ खोडली, तरी पुस्तक कपाटातच राहते. केवळ त्याचा पत्ता हरवतो व ती जागा मोकळी समजली जाते. संदेश पुसल्यावर प्रथम असेच घडते. त्या जागी नवा मजकूर लिहिला जाईपर्यंत जुना मजकूर, विशेषतः जुन्या मोबाइलमधून व मेमरी कार्डावरून, खास साधनांनी परत मिळविता येतो. अलीकडच्या मोबाइलमध्ये सर्व मजकूर सांकेतिक रूपात साठविला जात असल्याने हे काम बरेच कठीण झाले आहे.

परंतु शिक्षकाच्या दृष्टीने खरा धोका याहून साधा आहे. एका संदेशाच्या प्रती अनेक असतात. एक पाठविणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे, ग्रुपवर असल्यास प्रत्येक सभासदाकडे. छायाचित्र असेल तर ते गॅलरीतही उतरते. गॅलरीतून काढले तरी ते कचरापेटीत, म्हणजे ‘बिन’ किंवा ‘ट्रॅश’मध्ये, पुष्कळदा ३० दिवस पडून असते. शिवाय रात्री आपोआप होणाऱ्या बॅकअपमध्ये आणखी एक प्रत जाते. स्वतःच्या पडद्यावरून संदेश गेला म्हणून तो जगातून गेला, असे मानणे ही मोठी चूक होय.

साधा एसएमएस पुसला तर तो फक्त आपल्या मोबाइलमधून जातो. समोरच्याचा तसाच राहतो. तसेच ‘अर्काइव्ह’ करणे म्हणजे पुसणे नव्हे. ते केवळ कागद आतल्या खणात ठेवणे आहे.

एक प्रसंग

समजा, वर उल्लेखिलेला आईचा संदेश शिक्षकाने मुख्याध्यापकांना पाठविण्याऐवजी चुकून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. चूक ध्यानी येताच घाईत ‘डिलीट फॉर मी’ दाबले. संदेश दिसेनासा झाला व शिक्षक निश्चिंत झाले. प्रत्यक्षात तो केवळ त्यांच्याच मोबाइलमधून गेला. चाळीस घरांत तो तसाच राहिला. येथे ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ हाच पर्याय निवडावयास हवा होता. २०२२ पासून यासाठी सुमारे अडीच दिवसांची मुदत मिळते. तथापि प्रत्येक मिनिटाला वाचणारे वाढतात, म्हणून विलंब करू नये. चुकीचा पर्याय दाबला गेलाच, तर लगेच काही क्षण ‘अनडू’ असे दिसते, ते दाबावे. तीही संधी गेली, तर ग्रुपच्या ॲडमिनला विनंती करावी. त्याला ग्रुपवरील कोणाचाही संदेश सर्वांसाठी काढून टाकता येतो.

इतके करूनही ज्यांनी तो वाचला त्यांच्या मनातून तो पुसता येत नाही. अशा वेळी शिक्षकाने त्या आईला स्वतः भेटून घडले ते सांगावे. ती गोष्ट तिला पाणवठ्यावर दुसऱ्याच्या तोंडून कळली, तर त्या घराचा विश्वास कायमचा जाईल. आणि तो परत मिळविण्याचे कोणतेही बटण नाही.

नित्याची राखण

पुसण्यापेक्षा राखणे सोपे असते. पुढील गोष्टी एकदा करून ठेवल्या की पुष्कळ चिंता मिटते.

(१) मोबाइलला पिन अथवा बोटाच्या ठशाचे कुलूप असावे. जन्मसाल किंवा १२३४ असा पिन नसावा. कुलूप असतानाही संदेशाचा मजकूर पडद्यावर दिसतो. सेटिंग्जमध्ये जाऊन तो झाकावा.

(२) मुलांच्या हाती मोबाइल देताना ‘ॲप पिनिंग’ची सोय वापरावी. ती बहुतेक अँड्रॉइड मोबाइलमध्ये सुरक्षेच्या सेटिंग्जमध्ये असते. मग मुलांना पाठाचे तेवढेच ॲप दिसते. बाहेर पडण्यास पिन लागतो.

(३) तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात छपाईसाठी व्हॉट्सॲप उघडले असल्यास निघताना ते बंद करावे. व्हॉट्सॲपमधील ‘लिंक्ड डिव्हायसेस’ येथे आपले खाते आणखी कोठे उघडे आहे ते दिसते. अनोळखी संगणक आढळल्यास तेथूनच ‘लॉग आउट’ करावे.

(४) आधार कार्डांची व पासबुकांची छायाचित्रे काम होताच गॅलरीतून, कचरापेटीतून व संदेशांतूनही काढावीत. पालकांनी ती ग्रुपवर न टाकता शिक्षकाकडेच पाठवावीत, असे त्यांना सांगावे.

(५) मोबाइल विकताना किंवा घरातील मुलास देताना सिम व मेमरी कार्ड काढून घ्यावे, गुगल खाते काढावे आणि मग ‘फॅक्टरी रीसेट’ करावे. नव्या मोबाइलमध्ये यामुळे सांकेतिक मजकूर उलगडण्याची किल्लीच नष्ट होते.

काय पुसू नये

येथवर पुसण्याविषयी सांगितले. न पुसण्याविषयी सांगणे तितकेच आवश्यक आहे. धमकीचा, फसवणुकीचा किंवा अश्लील संदेश आला की भीतीने अथवा लाजेने तो तत्काळ पुसून टाकण्याकडे, विशेषतः शिक्षिकांचा, कल असतो. तसे करू नये. तोच संदेश पुढे पुरावा ठरतो. क्रमांक, दिनांक व वेळ दिसेल अशा रीतीने पडद्याचे छायाचित्र घ्यावे, मूळ संदेश तसाच ठेवावा, विश्वासातील व्यक्तीस दाखवावा व पोलिसांकडे तक्रार करावी. पैशाची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर शक्य तितक्या लवकर कळवावे. एखाद्या मुलाने किंवा मुलीने छळाविषयी पाठविलेला संदेशही पुसू नये व कोणास सहज दाखवूही नये. वरिष्ठ कार्यालयाचे आदेश मोबाइलवर आले असतील, तर ते दप्तरी नोंदविल्यावाचून काढून टाकू नयेत.

अधिकार आणि कर्तव्य

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी स्वतंत्र अधिनियम संमत केला. त्यात १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले आहे. म्हणजे आपल्या वर्गातील प्रत्येक मूल या अधिकाराचे धनी आहे, मग त्याचे वडील शेतमजूर असोत वा सरपंच.

शिक्षकाने आपला मोबाइल जपावा तो केवळ स्वतःसाठी नव्हे. त्यात गावाची पत्रे आहेत, हे ध्यानी ठेवून तो हाताळावा. येत्या केंद्र-संमेलनात मुख्याध्यापकांनी वरील पाच गोष्टी सर्व शिक्षकांकडून प्रत्यक्ष करवून घ्याव्यात. अर्ध्या तासाचे हे काम आहे.