पाऊस बघायला येता, भात बघायला या!

गेल्या आषाढात बार्शीकडचे आमचे थोरले मेहुणे चार दिवसांसाठी आले. पंचवीस वर्षांच्या सोयरिकीत पावसाळ्यात येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. ज्वारी-तुरीचा माणूस. त्यांच्याकडे मृगाचा एक बरा पाऊस झाला तरी गावाला हुरूप येतो. कामशेतला न उतरता ते लोकलने आधी थेट लोणावळ्याला गेले. भुशीच्या धरणावरची गर्दी पाहिली, दोन किलो चिक्की घेतली आणि संध्याकाळी ओलेचिंब होऊन आमच्या ओसरीवर टेकले. डोक्यावरची टोपी पिळत म्हणाले, "दाजी, तुमी तर सर्गात ऱ्हाता की! नुसतं पानीच पानी! देवानं आमच्याकडं ह्याच्या निम्मं जरी पाडलं आसतं, तर सोनं पिकवलं आसतं."

घरात चूल फुंकणारी त्यांची बहीण आतूनच म्हणाली, "दादा, एकदा चैतात या. मंग दावते तुमाला सर्ग."

मेहुणे हसले, पण मला ते बोल लागून राहिले. बाहेरगावच्या माणसाला मावळ म्हटले की लोणावळा आठवतो आणि लोणावळा म्हटले की धबधबा, धुके, चिक्की. ते खोटे नाही. पण तेवढाच मावळ नाही. म्हणून मेहुण्यांना जे चार दिवस सांगत होतो, तेच आज तुम्हां वाचकांनाही सांगतो.

सूर्य मावळतो तो मुलूख

सह्याद्रीच्या धारेवरून पूर्वेकडे ज्या नद्या उतरतात, त्यांची खोरी म्हणजे मावळे. सूर्य मावळतो त्या बाजूचा मुलूख म्हणून मावळ, असे जुनी माणसे सांगतात. शिवाजी महाराजांच्या वेळी बारा मावळे मोजत. आज मावळ नावाचा जो तालुका आहे, त्याचे ठाणे वडगाव. त्यात तीन मावळे येतात : आंद्रा नदीचे आंदर मावळ, पवनेचे पवन मावळ आणि या दोहोंमधले नाणे मावळ. आमचे घर नाणे मावळात. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावणारी इंद्रायणी आमच्याच तालुक्यातून देहू-आळंदीला जाते.

नाव फार जुने आहे. कार्ल्याच्या लेण्यांत सातवाहनांच्या काळचा एक शिलालेख आहे. त्यात या प्रदेशाचे नाव 'मामाल' असे आले आहे. म्हणजे दोन हजार वर्षांच्या आसपास लोक या मातीला साधारण याच नावाने ओळखतात. लोणावळा हे नावही लेण्यांवरूनच पडले, असे सांगतात. मळवली स्टेशनाला उतरले की एका अंगाला कार्ला आणि कोळी-आगरी मंडळींची एकवीरा आई, दुसऱ्या अंगाला भाजे आणि त्याच्या डोक्यावर लोहगड-विसापूर. लोहगड २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. वडगावला १७७९ च्या जानेवारीत मराठ्यांनी इंग्रजांची फौज कोंडून तह लिहून घेतला. आणि तळेगावात राहणाऱ्या गो. नी. दांडेकरांनी 'पवनाकाठचा धोंडी' आणि 'माचीवरला बुधा' लिहून आमची साधी माणसे घरोघर नेली.

हा झाला अभिमानाचा भाग. आता रोजचा.

पाऊस पडतो, पण राहत नाही

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. मेहुण्यांच्या बार्शीला वर्षभरात जेवढा पडतो, त्याच्या तो सहापट तरी भरावा. पण ढग घाटमाथ्यावरच रिते होतात. तिथून पूर्वेला तीसेक किलोमीटरवर तळेगाव. तिथे येईपर्यंत पाऊस निम्म्याहूनही कमी होतो. तालुका एक, पण लोणावळ्याच्या माणसाचा पावसाळा वेगळा आणि इंदोरीच्या माणसाचा वेगळा.

आणि जो पडतो तो थांबत नाही. खाली काळा खडक, वर वीतभर माती, त्यात उतार. पाणी डोंगरावरून येते, ओढ्याला लागते आणि निघून जाते. वाडीवस्तीवरच्या बायकांना चैत्र-वैशाखात झऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरावे लागते. घरातून आलेला 'चैतात या' हा निरोप त्यासाठी होता.

असा पाऊस पचवणारे पीक एकच : भात. उतारावर दगडी बांध घालून, पावसाने वाहून आणलेला गाळ अडवून एकेक खाचर तयार होते. एका पिढीत होत नाही. आमचे एक खाचर आजोबांनी धरले, वडिलांनी त्याचा बांध वाढवला, तेव्हा कुठे ते माझ्या हाती सपाट आले.

उन्हाळ्यात दाढ भाजायची. म्हणजे रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा, कवळं पसरून राब पेटवायचा. त्यामुळे तण मरते आणि रोप जोमाने येते. हल्ली गादीवाफ्यावर रोप करणारे वाढले, राब कमी झाला. मृगाच्या सुमाराला पेरणी, आषाढात चिखलणी आणि लावणी. पूर्वी बायका पानांचे इरले पाठीवर घेऊन लावणी करत. आता इरल्याची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली. सावडही कमी झाली. पूर्वी आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या खाचरात, असे अख्खी आळी फिरे. आता तरुण पोरे पहाटेच्या लोकलने पिंपरी-चिंचवडला कामाला जातात किंवा तळेगावच्या कारखान्यांत पाळी धरतात. लावणीला मजूर बाहेरून आणावे लागतात.

मेहुण्यांनी त्या चार दिवसांत एक दिवस चिखलात उतरून लावणी केली. संध्याकाळी कंबर धरून म्हणाले, "दाजी, ज्वारी बरी. ती आमाला वाकाया लावत न्हाई."

इंद्रायणी : नदी आणि तांदूळ

आमच्याकडे पूर्वी आंबेमोहोर होई. शिजताना आंब्याच्या मोहोराचा वास सुटे आणि शेजारच्या घरी कळे की आज यांच्याकडे पाहुणे आहेत. पण त्याची ताटे उंच, परतीच्या पावसात ती लोळत, आणि उतारा कमी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून नवे वाण काढले आणि १९८७ साली ते शेतकऱ्यांपुढे आले. त्याला नाव दिले इंद्रायणी. वास आंबेमोहोराच्या घरचा आणि उतारा जास्त. आज हे वाण मावळाबाहेर दूरवर पिकते. नदीपेक्षा तिच्या नावाचा तांदूळच जास्त मुलूख हिंडून आला!

सुगरणींसाठी दोन शब्द. इंद्रायणीचा भात मऊ आणि जरा चिकट होतो. म्हणून नव्या तांदळाला पाणी बेताचेच ठेवावे, जुना असेल तर थोडे वाढवावे. मोकळ्या पुलावाला तो चालत नाही. पण वर साधे वरण, तुपाची धार आणि सोबत पहिल्या पावसाची टाकळ्याची किंवा कुर्डूची भाजी असली, की दुसरे काही लागत नाही.

चिक्कीचे म्हणाल, तर तीही लोणावळ्याची खरी, पण तिच्यातले शेंगदाणे आणि गूळ बहुतेक बाहेरूनच येतात. आमच्या पावसात भुईमूग काय टिकणार? मेहुणे दोन किलो चिक्की घेऊन गेले, ते कोण जाणे त्यांच्याच शिवारातले शेंगदाणे परत घेऊन गेले असतील.

पाणी आमचे, पण कोणाचे?

लोणावळा, वळवण, शिरोता हे तलाव टाटांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बांधले. त्यांचे पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून १९१५ साली वीज निघू लागली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. आंदर मावळातल्या ठोकरवाडीचे पाणी असेच भिवपुरीला उतरते. आमच्या डोंगरावर पडलेले, पूर्वेला वाहणारे पाणी असे पश्चिमेला वळले. शेजारच्या मुळशीत १९२१ साली याच कारणाने शेतकरी धरणापुढे उभे राहिले. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह तो हाच.

पुढे पवनेवर धरण झाले. लोहगड, तुंग आणि तिकोना यांच्यामधले खोरे पाण्याखाली गेले. त्या धरणग्रस्तांच्या जमिनीचा प्रश्न अनेक दशके रेंगाळला. पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवडला बंद नळातून न्यायचे ठरले, तेव्हा नदीकाठच्या शेतकऱ्यांना आपल्या उपशाची काळजी वाटली. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकरी जमले. त्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. त्यांत एक बाई होती.

मी हे कोणाचे पाणी तोडण्यासाठी सांगत नाही. शहरातही आमचीच पोरे राहतात, त्यांनाही नळ हवा. पण धबधब्याखाली उभ्या असलेल्या माणसाने हे पाणी पुढे कुठे जाते आणि वाटेतल्या वाडीला किती मिळते, एवढे तरी विचारावे.

गुंठ्याचा भाव

मेहुण्यांना सर्वांत जास्त नवल वाटले ते जमिनीच्या भावाचे. आमच्याकडे आता जमीन एकराने बोलत नाहीत, गुंठ्याने बोलतात. द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला आणि मुंबई दोन-अडीच तासांवर आली. मग डोंगर दिसेल, तळे दिसेल अशा प्रत्येक तुकड्याला गिऱ्हाईक आले.

आम्हीही विकली. लपवून काय उपयोग? रस्त्याच्या कडेची वीस गुंठे वरकस जमीन, नाचणी-वरईची. वडिलांचे दवाखान्याचे देणे होते, धाकट्या बहिणीचे लग्न होते. त्या तुकड्यावर आज बंगला आहे. आठवड्यात दोन दिवस तिथे दिवा लागतो, पाच दिवस अंधार असतो. राखणदार आमच्याच भावकीतला आहे.

वडील जाण्यापूर्वी एकच सांगून गेले : "वरकस गेलं ते गेलं. खाचराला हात लावू नगा. वरकस देवानं दिलं होतं, खाचर आपुन केलंय."

आता खाचर उरले दीड एकर. चांगल्या साली पंचवीस-तीस पोती भात होतो. वर्षाचे खाऊन उरलेला तांदूळ घरूनच विकतो. भात निघाला की ओलीवर हरभरा, मसूर टाकतो. हिशेब मांडला तर गिऱ्हाइकाने सांगितलेल्या आकड्यापुढे हे काहीच नाही. धाकटा भाऊ तेच म्हणतो आणि त्याचे चुकते असेही मला म्हणता येत नाही. त्याची दोन पोरे शिकायची आहेत. गेल्या दिवाळीत वाटणीची बोलणी झाली. आई म्हणाली, "तुमी वाटून घ्या. पन इकायच्या आधी एक साल तुमच्या पोरांनी लावणी करून बघावी. मंग त्येंनी सांगावं." आषाढात पुतणे रजा काढून आले. एक दोन दिवसांत कंटाळून गेला. दुसरा अजून येतो. तो आता गिऱ्हाइकांना फोनवरून तांदूळ पोचवतो. पवन मावळात काहींनी हरितगृहात गुलाब लावला आहे, फेब्रुवारीत तो परदेशी जातो. ते पाहायलाही तो जाऊन आला. त्यासाठी भांडवल मोठे लागते. पण पोरगा जमिनीकडे पाहत चौकशी करतो आहे, हेच मला पुष्कळ वाटते. भावाने तूर्त गिऱ्हाइकाला थांबवले आहे. पुढचे कोणी सांगावे?

या, पण असे या

तर मंडळी, मावळात जरूर या. पावसाळ्यात आलात तर ओढ्यात, धबधब्यात उतरू नका. वरच्या डोंगरावर पडलेला पाऊस खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही आणि पाणी क्षणात चढते. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल गर्दीसह कोसळला आणि चौघे दगावले. बाटल्या खाचरात टाकू नका. लावणीत काच पायात जाते ती आमच्या बायकांच्या.

त्याहून बरे म्हणजे दिवाळीच्या आगेमागे या. पाऊस उघडलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात आणि खाली खाचरे पिवळी झालेली असतात. कापणी, झोडणी चालू असते. मळवलीला किंवा कामशेतला उतरा, कोणत्याही वाटेने आत चला. पाणी मागितलेत तर चहा मिळेल.

मेहुणे दिवाळीनंतर पुन्हा आले. या वेळी लोणावळ्याला गेलेच नाहीत. खळ्यावर बसून भात वारवताना पाहिला. परत जाताना इंद्रायणीचे एक पोते त्यांच्याबरोबर दिले. माघात बार्शीहून शाळूचे पोते आले. सोबत निरोप होता : "दाजी, चैतात येतो. पान्याची एक टाकी बांधाया हातभार लावीन म्हनतो."

बहिणीने तो निरोप दोनदा वाचून घेतला.