यंत्राची अक्षरओळख

सातपुड्याच्या पायथ्याकडील प्रदेशात, नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात, ब्राह्मणपुरी नावाचे एक गाव आहे. तापी व गोमाई ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील हा मुलूख काळ्या, कसदार जमिनीचा. कापूस, ऊस, केळी आणि पपई ही इकडील पिके. ह्या भागातील मुले घरी कोणी अहिराणी, कोणी गुजरी, तर कोणी भिलोरी बोलतात आणि शाळेत येऊन प्रमाण मराठीचे धडे गिरवितात. ह्या गावाच्या नावाच्या आधारानेच आज आपण एका नव्या विद्येची ओळख करून घेणार आहोत. ती विद्या म्हणजे संगणकाची विद्या होय.

विद्यार्थिमित्रांनो, पुस्तक क्षणभर मिटा आणि ह्या गावाचे नाव वहीत लिहा. मग ते शेजाऱ्याच्या वहीशी ताडून पाहा. कोणी 'ब्राह्मणपुरी' असे लिहिले असेल, तर कोणी 'ब्राम्हणपुरी' असे. ह्यात नवल काहीच नाही. बोलताना आपण 'म' आधी आणि 'ह' मागून उच्चारतो. शुद्ध लेखनात मात्र 'ह' आधी येतो आणि 'म' त्याच्या मागून. नाव कसेही लिहिले, तरी पोस्टमन पत्र बिनचूक पोहोचवील. गुरुजी फार तर लाल शाईची एक खूण करतील. पण गाव कोणते, हे त्यांनाही कळेल. हीच दोन नावे संगणकापुढे ठेवली तर? संगणक सांगेल, "ही दोन नावे एक नव्हेत." माणसाला सहज उमगणारी गोष्ट एवढ्या वेगवान यंत्राला का उमगू नये? त्याचे उत्तर मोठे मनोरंजक आहे.

संगणकाला अक्षर ठाऊक नसते. त्याला 'क' दिसत नाही, की 'ख' ऐकू येत नाही. त्याच्या पोटात विजेची असंख्य सूक्ष्म बटणे असतात. बटण चालू असेल, तर त्याचा अर्थ १ आणि बंद असेल, तर ०. बस्स, एवढीच त्याची बाराखडी! आता अशी कल्पना करा, की तुमच्याजवळ एक दिवा आहे. तो लावून अथवा मालवून तुम्हांला दोनच खुणा करता येतील. दोन दिवे असले, तर चार खुणा होतील. तीन दिव्यांच्या आठ, चार दिव्यांच्या सोळा. प्रत्येक नव्या दिव्यागणिक खुणांची संख्या दुप्पट होते आणि आठ दिव्यांच्या ओळीतून २५६ निरनिराळ्या खुणा निघतात. दिवे वाढवीत गेलो, तर वाटेल तेवढी मोठी संख्या अशा खुणांनी दाखविता येते. म्हणजेच संगणकाला संख्या कळते. मग अक्षरांचे काय? युक्ती सोपी आहे. हजेरीपटावर प्रत्येक मुलाला जसा क्रमांक असतो, तसा प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देऊन टाकावयाचा.

पूर्वी ही क्रमांक देण्याची रीत एकसारखी नव्हती. मराठी अक्षरे संगणकावर आणणाऱ्या निरनिराळ्या लोकांनी आपापले क्रमांक ठरविले होते. त्यामुळे एका यंत्रावर लिहिलेले पत्र दुसऱ्या यंत्रावर उघडले, की अक्षरांच्या जागी विचित्र चिन्हांचा बाजार भरत असे. ही अडचण जगातील सर्वच भाषांना होती. म्हणून सर्व लिप्यांसाठी 'युनिकोड' नावाचा एकच सामाईक हजेरीपट सिद्ध करण्यात आला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. ह्या पटावर देवनागरी लिपीसाठी २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक राखून ठेवलेले आहेत. त्यांत 'क' चा क्रमांक २३२५ आहे. काना, मात्रा, वेलांटी, एवढेच काय, पण अक्षराचा पाय मोडणारे चिन्हसुद्धा आपापला क्रमांक घेऊन उभे आहे.

आता आपल्या गावाचे नाव यंत्राच्या दृष्टीने वाचू. ब, पाय मोडण्याचे चिन्ह, र, काना, ह, पुन्हा पाय मोडण्याचे चिन्ह, म, ण, प, उकार, र आणि दीर्घ वेलांटी. मोजून बारा चिन्हे झाली. संगणकात त्यांची नोंद अशी होते : २३४८, २३८१, २३५२, २३६६, २३६१, २३८१, २३५०, २३३९, २३४६, २३६९, २३५२, २३६८. ह्यांतील २३६१ म्हणजे 'ह' आणि २३५० म्हणजे 'म'. 'ब्राम्हणपुरी' असे लिहिले, की हे दोन क्रमांक आपसांत जागा बदलतात. चिन्हे तीच, संख्याही बाराच. परंतु क्रम निराळा. यंत्र एकेक क्रमांक ताडून पाहते. पाचव्या जागी एकीकडे २३६१ आणि दुसरीकडे २३५०, एवढे दिसताच ते निकाल देऊन मोकळे होते. काही आज्ञावल्या जवळपासचे शब्दही शोधून देतात, हे खरे. पण तसे करावयास त्यांना कोणीतरी माणसानेच शिकविलेले असते.

"एवढ्याशा फरकाने काय बिघडते?" असे तुम्ही विचाराल. तर ऐका. ह्याच शहादा तालुक्यातील टेंभली ह्या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग ह्यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. बारा अंकांचा हा क्रमांक, त्याच्यासोबत बोटांचे ठसे आणि डोळ्यांतील बुबुळांची खूण, ह्यांवरून यंत्र आता माणूस ओळखते. शिधावाटप दुकानात अंगठा टेकवावा लागतो, तो ह्याच ओळखीसाठी. शेताचा सातबारा उतारा संगणकातून निघतो. शिष्यवृत्तीची रक्कम बँकेच्या खात्यात परस्पर जमा होते. अशा वेळी एका कागदावर आजीचे नाव एका प्रकारे आणि दुसऱ्या कागदावर दुसऱ्या प्रकारे नोंदलेले असले, तर हक्काची रक्कम अडून राहू शकते आणि आजीला कचेरीचे खेटे घालावे लागतात. चूक असते एका वेलांटीची. ती भोगावी मात्र माणसाला लागते. घरातील जो मुलगा वा जी मुलगी ती नोंद पडद्यावर वाचून "येथे अक्षर चुकले आहे" असे नेमके दाखवू शकते, ती त्या घराचा केवढा आधार ठरते! संगणकाची विद्या ही केवळ शहरातील लोकांच्या हौसेची गोष्ट नव्हे, हे ह्यावरून ध्यानात येईल.

ही विद्या आपल्या राज्याला तशी जुनीच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी स्वतः रचलेला एक संगणक १९६० मध्ये कामास लागला. पुढे त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि तो मोठी जागा अडवून बसत असे. त्याच्या मुख्य स्मृतीत २,०४८ कप्पे होते आणि प्रत्येक कप्प्यात शून्य-एकाच्या चाळीस खुणा मावत. आज प्रचलित असलेल्या रीतीने साठवू गेलो असतो, तर तुम्ही वाचीत असलेला हा एक पाठसुद्धा त्या स्मृतीत पुरता मावला नसता! पुढे १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिने 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. शाळांत संगणक नेण्याचा भारत सरकारचा पहिला मोठा प्रयत्न १९८४ च्या सुमारास सुरू झाला. आज तर खिशातल्या दूरध्वनीतही टिफ्रॅकहून कितीतरी पट मोठी स्मृती असते.

यंत्रे लहान झाली, स्वस्त झाली. पण यंत्र दारी आले, म्हणजे विद्या घरी आली, असे समजू नये. पोहणाऱ्यांकडे काठावरून पाहत राहिल्याने कोणाला पोहता येत नाही. एका संगणकाभोवती पाच मुले बसली आणि माऊस एकाच धीट मुलाच्या हाती राहिला, तर शिकतो तो एकटाच. उरलेली चार मुले, आणि बहुधा मागच्या बाकावरील मुली, नुसत्या प्रेक्षक ठरतात. म्हणून वर्गात पाळी हवी. एकाने मजकूर वाचावा, दुसऱ्याने कळा दाबाव्यात, तिसऱ्याने पडद्यावरील शब्द कागदाशी ताडावेत आणि दर दहा मिनिटांनी कामे बदलावीत. अशा रीतीने एका यंत्रावर साऱ्यांचे हात बसतात.

हात बसविण्यासाठी कळफलकाची रचना समजून घ्यावी. भारतीय लिप्यांसाठी शासनाने 'इनस्क्रिप्ट' नावाची रचना प्रमाण मानलेली आहे. तीत स्वर आणि काना-मात्रा प्रामुख्याने डाव्या हाताला, तर व्यंजने प्रामुख्याने उजव्या हाताला येतात. येथे एक गंमत आहे. 'दिवा' हा शब्द हाताने लिहिताना आपण पुष्कळदा पहिली वेलांटी आधी काढतो आणि 'द' मागून. कळफलकावर मात्र आधी 'द' आणि मग वेलांटी दाबावी लागते. उच्चाराचा जो क्रम, तोच नोंदीचा क्रम! ज्याचे व्याकरण पक्के, त्याला हे टंकलेखन सोपे जाते. तेव्हा मराठीचा तास आणि संगणकाचा तास ही एकमेकांची भावंडे आहेत.

साधनाचा शहाणपणाने उपयोग कसा करावा, ह्याचे एक उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेत घडले. तेथील शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांनी पाठ्यपुस्तकांना 'क्यूआर कोड' म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकोनांची खूण जोडली. दूरध्वनीचा कॅमेरा त्या खुणेसमोर धरला, की कविता ऐकू येई, पाठाचे चित्रण पाहावयास मिळे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही अशा खुणा छापल्या जाऊ लागल्या. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले ह्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. पुरस्काराची रक्कम दहा लक्ष डॉलर होती. तिच्यातील निम्मा वाटा अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना देण्याचे त्यांनी घोषित केले.

ही खूण मुळात १९९४ मध्ये जपानमधील एका कंपनीने मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी काढली होती. तिच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात. त्यांवरून खूण सुलटी आहे की उलटी, हे यंत्राला कळते. उरलेले काळे आणि पांढरे ठिपके म्हणजे आपले ओळखीचे एक आणि शून्यच. पान थोडे मळले, तरीही ती वाचता येते, कारण काही खुणा पुसल्या गेल्यास उरलेल्यांवरून त्या हिशेबाने काढता येतील, अशी तजवीज तिच्यात आधीच केलेली असते. मोटारींच्या कारखान्यातील ही युक्ती कवितेच्या पानावर आणणे, हे मात्र यंत्राने केले नाही. ते एका शिक्षकाच्या बुद्धीने केले.

परंतु वीज नसेल, अथवा डोंगरापलीकडे जाळ्याचा संकेतच पोहोचत नसेल, तर? २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद राहिल्या, तेव्हा सातपुड्याच्या दुर्गम पाड्यांवरील मुलांना ह्या प्रश्नाचा चटका चांगलाच बसला. ज्यांच्या घरी साधन होते, त्यांचे धडे चालू राहिले. ज्यांच्या घरी नव्हते, त्यांचे खंडले. सर्वांना साधन मिळावे, हे पाहणे मोठ्या माणसांचे कर्तव्य आहे. तोवर तुम्ही मात्र हात जोडून बसण्याचे कारण नाही. ह्या विद्येचा गाभा यंत्रावाचूनही शिकता येतो.

त्यासाठी एक खेळ सांगतो. एका मित्राला 'यंत्र' करा. यंत्राने स्वतःचे डोके चालवावयाचे नाही. सांगितलेली आज्ञा तेवढी पाळावयाची. आता त्याला अंगणात चौरस आखावयास लावा. "चौरस काढ" असे म्हणून भागणार नाही, कारण यंत्राला चौरस ठाऊक नाही. "दहा पावले सरळ जा. उजवीकडे काटकोनात वळ. हेच आणखी तीन वेळा कर." ह्या आज्ञा पुरेशा आहेत. एखादी आज्ञा विसरलात, तर तुमचे यंत्र सरळ कुंपणात जाईल! चूक कोठे झाली ते शोधावे, आज्ञा दुरुस्त करावी आणि पुन्हा चालवून पाहावी. संगणकाच्या आज्ञावल्या रचणारे मोठमोठे तज्ज्ञ दिवसभर हेच करीत असतात. मोठे काम लहान पायऱ्यांत विभागणे, पायऱ्यांचा क्रम राखणे आणि स्वतःची चूक शांतपणे शोधणे, ही त्यांची खरी हत्यारे होत.

आणि ज्या दिवशी शाळेतील संगणकापुढे बसण्याची तुमची पाळी येईल, त्या दिवशी तयार चित्रे पाहण्यातच वेळ दवडू नका. आपल्या शिवारांची, ओढ्यांची, झाडांची आणि पाखरांची नावे गोळा करून न्या. आजीच्या तोंडी असलेले अहिराणी, गुजरी किंवा भिलोरी शब्द अर्थासह वहीत उतरवून न्या. हे शब्द जोवर कोणी लिहीत नाही, तोवर यंत्र ते कोठून शोधून देणार? ते मनुष्याने दिलेलेच परत देते. तेव्हा ते शब्द एकेक अक्षर ताडून, शुद्ध आणि बिनचूक असे तुम्ही त्याला द्या.