बाई, बेरीज की वजाबाकी?

गणिताच्या तासाला शाब्दिक उदाहरण आलं, की वर्गातून हमखास एक आवाज येतो, "बाई, यात बेरीज करायची की वजाबाकी?" उदाहरण अजून पुरतं वाचलेलंही नसतं! पाढे, हातचे सगळं चोख येणारी मुलंसुद्धा इथे अडखळतात आणि मग गणिताचीच धास्ती घेतात.

हे उदाहरण बघा : राधाकडे १५ बोरे आहेत. ती सुमनच्या बोरांपेक्षा ६ ने जास्त आहेत. तर सुमनकडे किती बोरे आहेत?

'जास्त' हा शब्द दिसला, की पुष्कळ जण १५ आणि ६ यांची बेरीज करतात नि २१ लिहून मोकळे होतात. पण थांबा. जास्त बोरं कोणाकडे आहेत? राधाकडे. मग सुमनकडे तिच्याहून अधिक कशी येतील? पाटीवर १५ टिंबं काढा. राधाची जास्तीची ६ हाताने झाका. उरली ९. आता ताळा करा : ९ आणि ६, पंधरा. जमलं की नाही?

आता दुसरं. सहलीला ४५ मुले जाणार आहेत. एका जीपमध्ये ८ मुले बसतात. तर किती जीपगाड्या लागतील? भागाकार सगळ्यांना येतो : भागाकार ५, बाकी ५. आणि उत्तर लिहितात, '५ जीपगाड्या'. अरे, मग उरलेल्या पाच जणांनी शाळेतच बसायचं का? सहावी गाडी हवीच!

आकडे दिसले की काहीतरी करून टाकायचं, ही खोड काही आपल्याकडचीच नाही. फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात १९७९ साली लहान मुलांना एक गंमतीचा प्रश्न घातला होता. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी त्याच आकड्यांवरून उत्तर काढलं! शेळ्यामेंढ्यांवरून कप्तानाचं वय!

पालकांनो, मुलाने "बेरीज की वजाबाकी?" विचारलं, तर चटकन सांगून टाकू नका. तेवढं एक उदाहरण सुटतं, पुढचं पुन्हा अडतं. "पुस्तक मीट आणि काय घडलंय ते मला सांग," असं म्हणा. पोळ्या लाटता लाटताही हे होतं.

मुलांनो, आता हे तुम्ही सोडवा. २० मीटर लांबीच्या सरळ रस्त्याच्या एका कडेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दर ५ मीटरवर एक झाड लावायचं आहे. रोपं किती आणाल? चार म्हणणाऱ्यांनी आधी चित्र काढावं आणि दोन्ही टोकं नीट बघावीत.